आईच्या नावाची किटली आन् मामांची मोटार

गाडी पुलाच्या निम्म्या चढावर बंद पडली, पोरगी मांडीवर तापानं नुसती फणफणलेली, मला रडू फुटायलं, आन् आमचे चुलत सासरे बॉनेट उघडून म्हणायलेत, "घाबरू नगं माय, मी हाय की." मला वाटलं मलाच म्हणलेत. न्हाई, इंजिनाला म्हणले. अख्खा परभणी जिल्हा हिंडून या, इंजिनावर इतका जीव लावणारा माणूस तुमाला दुसरा घावायचा न्हाई.

मी त्यांना मामा म्हणते. पेडगावात त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. सगळी हयात त्यांनी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, आन् म्हातारपणी ही चारचाकी घेतली, माज्या जन्माच्याबी आधीची, गोल दिव्यांची, समोरून बघितली की झोपेतून उठलेल्या म्हशीवाणी दिसती. तिचं इंजिन कवाच गेलेलं. मामांनी भंगारातून नव्या गाडीचं इंजिन आणून तिच्यात बसवलं. पण जुन्या इंजिनाला पेट्रोल घोट घोट चालायचं, नव्याला पिचकारीवाणी दाबानं लागतंय, म्हून मंग नवा पंप, नव्या जाड नळ्या, उरलेलं पेट्रोल टाकीत माघारी न्यायला आणखी एक नळी, असं सगळं ते वरीसभर लिंबाखाली बसून जोडीत व्हते. जोड गळतोय का ते हुंगून बघायचे. चुलत सासू म्हणायच्या, "उभ्या जन्मात एक गजरा आणला ह्यांनी, त्यालाबी पेट्रोलचा वास!" चावी फिरवली की तो पंप घडीभर झूं करतो, तेवढ्यात कुणी बोललेलं त्यांना खपत न्हाई. पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन करून आमी सगळे गाडीत बसलो, माजा नवरा प्रसादाचं खोबरं चावायला, तर त्याला म्हणले, "चावू नगंस रे, ऐकू येईना." आन् डोळे मिटून ऐकत बसले. दुपार व्हती, वारं पडलेलं, मीबी मिटले डोळे. लांब कुठंतरी कुणी पोराला थोपटीत गुणगुणायलंय असं वाटलं. खोटं न्हाई सांगत, माजी पोरगी त्या आवाजानं झोपती.

आता माजी चूक सांगते. मामा म्हणायचे, "टाकी जुनी हाय, चढ आला की पेट्रोल मागं सरकतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, मंग हवा धरतो. विहिरीत पाणी खाली गेल्यावर मोटार धरती तशी." त्याला उपाय म्हून मधी एक लहान भांडं बसवायचं, ते कायम भरलेलं ऱ्हाईल आन् पंप त्यातूनच पिईल. त्यासाठी त्यांना भावली माजी दुधाची किटली. माज्या लग्नात आईनं दिलेली, तिचं नाव घातलेलं भांडं. आई त्याच साली गेली. मी अंगणात आले तर मामा किटलीवर पेन्सिलीनं गोल काढायलेत, भोकं पाडायला. मी जे रडायले, गल्ली गोळा झाली. "मामा, माज्या आईच्या नावाला भोक पाडतात का तुमी?" असं सगळ्यांसमोर बोलले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं खुणा पुसल्या, किटली घासून आणून दिली. मंग पंप सरळ टाकीलाच जोडला, आन् टाकी कायम निम्म्याच्या वर ठेवायले.

गाडी बंद पडली त्या दिवशी नवरा बाहेरगावी, पोरीचा ताप उतरंना, मामा म्हणले, "चल माय, बस." घाईत पेट्रोलचा काटा कुणी बघायचा? आन् पुलावर तेच झालं.

"दोनच मिनिटं दे," मामा म्हणले. तेवढ्यात मागून रिक्षा आली. "परभणीलाच जायलोय, बसा ताई," रिक्षावाला म्हणला. मी मामांकडं बघितलं. त्यांनी हातातला पाना खाली केला. "जा माय, जा. लेकरू आधी," म्हणले, पण बघत इंजिनाकडंच व्हते. मी बसले.

पुलाच्या माथ्यावरून मागं बघितलं तर काय, मामांची मोटार पाठमोरी चढायलेली! पुढचं तोंड उताराकडं, मागची बाजू आमच्याकडं, म्हंजे पेट्रोल आपोआप पंपाच्या तोंडाशी. रिक्षावाला म्हणला, "ताई, तुमचा म्हातारा उलटा यायलाय बगा!" वर आल्यावर त्यांनी गाडी वळवली, आन् दवाखान्यापर्यंत आमच्या मागं मागं आले. रस्ता मोकळा व्हता, पर पुढं गेले न्हाईत, हॉर्नबी न्हाई. उन्हात ते दोन गोल दिवे नुसते तरंगत यायले.

पोरीला सुई दिली, ताप उतरला. मामा दवाखान्याच्या पायरीवर बसलेले. "झोपली का?" एवढंच इचारलं.

दुसऱ्या दिवशी मी किटली घेऊन गेले, म्हणले, "पाडा भोकं." त्यांनी तिच्यावरून नुसता हात फिरवला. "ऱ्हाऊ दे माय, नाव हाय तिच्यावर. मला उलटं चढता येतंय."

किटली फळीवर हाय. कडेला पेन्सिलीचा एक गोल पुसायचा ऱ्हायलाय, मीबी तो घासत न्हाई. मामा मला अजून बस म्हणतात, मीबी बसते, पर चढ आला की दोघांचीबी नजर पेट्रोलच्या काट्यावर जाती. आईचं नाव राखावं का मामांचं मन, रिक्षात बसावं का दोन मिनिटं थांबावं, मला अजून कळंना. तुमीच सांगा, माज्या जागी तुमी काय केलं असतं?