ओला पट्टा

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी शिवाजी पेठेतल्या मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवू लागले होते. एका थंड सकाळी शाळेसमोर एक रंगारी मुलींना रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे मारत होता. नाव मी कधी विचारलं नाही. डोक्याला मफलर, अंगात दोन सदरे. थंडीनं रंग घट्ट व्हायचा, म्हणून तो डबा चहावाल्याच्या शेगडीजवळ ठेवायचा आणि स्वतःचे हातही शेकून घ्यायचा. मारलेला रंग वाळता वाळत नव्हता. त्यामुळे दिसेल त्याच्यावर तो ओरडायचा, "ओ पावणं, कडंनं जावा की! डोळं हाईत न्हवं?"

एवढ्यात एक म्हातारी अनवाणी, चाचपडत थेट ओल्या पट्ट्यावर उतरली. तिला नीट दिसत नव्हतं. आता हिची खैर नाही, असं मला वाटलं. पण त्यानं ब्रश ठेवला, तिला मागं आणून शाळेच्या पायरीवर बसवलं आणि रॉकेलच्या चिंधीनं तिचे तळवे पुसू लागला.

"तुझं काम नासलं की रं लेका," ती कळवळून म्हणाली.

"नासतंय कशानं? माणसानं चालावं म्हणूनच काढालोय न्हवं," तो म्हणाला.

मग हात धरून त्यानं तिला कडेकडेनं पलीकडे सोडलं. परतताना मात्र त्याचाच पाय रंगात पडला. चहावाला खो खो हसला, "आता तुझं पाय कोण पुसणार?"

पलीकडून म्हातारी ओरडली, "बस तितंच लेका, मी आलो बघ!"

आणि ती पुन्हा सरळ पट्ट्यावरूनच निघाली. त्यानं तिला अडवलं नाही. चिंधी हातात धरून तो नुसता हसत उभा राहिला.