सोनटक्क्याचं पाणी

सोनटक्क्याला सांडपाणी आवडतं. घरामागच्या ज्या दगडावर आई भांडी घासायची, त्याच्या उतारालाच तिने माहेराहून आणलेला कंद लावला होता. त्याला वेगळं पाणी कुणी कधी घातलं नाही. भांडी विसळली की पाणी आपसूक पोचायचं. संध्याकाळी आई कळ्या काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि सकाळी घरभर तो पांढरा, गारसर वास पसरायचा. आम्हीही सगळे तसेच वाढलो, तिच्या कामातून वाहून आलेल्या पाण्यावर.

आई गेली तेव्हा वाटलं, आता सोनटक्काही जाणार. बाबा एकटे, घरात सिंक, आणि त्यांनी जन्मात कधी स्वतःचा कप विसळलेला नाही.

परवा घरी गेले, तर बाबा मागे दगडावर बसून भलं मोठं पातेलं घासत होते.

"बाबा, एकट्याला एवढी भांडी कशी पडतात?"

"पडत नाहीत. फळीवरची काढतो."

"अहो, मग पाइप लावा ना!"

"लावला होता. नुसती पानंच आली."

खरं-खोटं सोनटक्क्यालाच ठाऊक. मी शेजारी बसले आणि एक लखलखीत, स्वच्छ पातेलं घासायला घेतलं.

संध्याकाळी बाबांनी जपून कळ्या काढल्या, फडकं भिजवलं. बराच वेळ दोन्ही तसंच हातात धरून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ती कशी गुंडाळायची गं?"