दुभाषीची टीप

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मला मराठी येते की नाही, याचा निकाल जर्मनीत कार्ल्सरूहे येथे एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता लागायचा होता. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. बोलायला लागल्यापासून मराठीतच बोलत आले होते. पण पुरावा नव्हता.

झालं असं. परभणीकडच्या एका तालुका कोर्टात मी अठरा वर्षं वकिली केली. नवऱ्याला इकडे नोकरी लागली, मी मागोमाग आले, काळा कोट कपाटात गेला. मग कळलं की इथल्या कोर्टात शपथ घेऊन दुभाषी होता येतं. जर्मनची परीक्षा दिली, पास झाले. मराठीची घेणारंच कोणी नाही! माझी एक आयरिश वकील मैत्रीण आहे. ती म्हणाली, "आमच्याकडे सॉलिसिटर व्हायला आयरिश भाषेची परीक्षा द्यावी लागायची. पोरं पाठ करून जायची, पास व्हायची, विसरायची." मी म्हटलं, "सुखी आहात. तुमच्याकडे परीक्षक तरी होते!"

शेवटी कोर्टाच्या ऑफिसनं मराठीचा एक जाणकार शोधला. निवृत्त रसायनतज्ज्ञ, लुडविग्सहाफेनला चाळीस वर्षं, मराठी मंडळाचे आधारस्तंभ. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी कागदावर सही केली तर मी पुन्हा कोर्टात उभी राहणार. नाही केली तर पुन्हा घरात.

टेबलाच्या एका बाजूला काका, समोर मी, मधे नोंद घेणाऱ्या जर्मन अधिकारी बाई.

काकांनी एक उतारा वाचला. इतका साजूक, की आजवर कुठल्याही साक्षीदाराच्या तोंडून बाहेर पडला नसेल. मी तो जर्मनमध्ये सांगितला. काका म्हणाले, "गेनाऊ." म्हणजे बरोबर. नाइलाजानं. मग म्हणाले, आता एखादा साक्षीदार कसा बोलेल ते मराठीत बोलून दाखवा. मी खुलले. हे तर माझं अंगण.

"म्या पाह्यलं ना साहेब. गाडी लाल व्हती. मंग तो पळाला."

काकांनी पेनाला टोपण लावलं.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

सांगितलं.

"आणि आडनाव?"

"फॉर्मवर आहे, सर."

"ते सासरचं झालं."

जर्मन फॉर्मवर जन्माच्या आडनावाचाही रकाना असतो. जर्मन लोक तो भरून घेतात आणि विसरतात. काकांनी बोट फिरवत तो शोधला. वाचला. शब्दकोडं सुटल्यासारखं समाधान चेहऱ्यावर पसरलं. मग हवापाण्याचं बोलावं तसं, हसत, मराठीत म्हणाले,

"तरीच. बाई, हे वस्तीवरचं बोलणं झालं. चार शिकल्यासवरल्या माणसांत बसायचं तर जीभ आधी धुऊन घ्यावी लागते."

अधिकारी बाईही हसल्या. त्यांना वाटलं, काहीतरी गोड चाललंय.

मीही हसणार होते. सवय. आमच्या बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील म्हणायचे, "वा! तुमच्यातले आता इंग्रजीत अर्ज लिहितात!" मी हसायचे. वर स्वतःच एक विनोद करायचे, म्हणजे त्यांनाही अवघडल्यासारखं व्हायला नको. विनोदी बाई म्हणून माझी ख्याती आहे. ती कशी कमावली, ते कोणी विचारत नाही.

टोपण लावलेलं पेन समोर. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या टोपणाखाली.

आणि नियम आठवला. महिनाभर घोकलेला. दुभाषीनं काही गाळायचं नाही. मवाळ करायचं नाही, शिवी असली तरी. बोलणाऱ्याच्या जागी उभं राहून जसंच्या तसं बोलायचं.

सही गेली असं समजूनच मी तोंड उघडलं.

जर्मनमध्ये. सावकाश, लिहून घेता येईल अशा बेतानं. "तरीच" पासून "धुऊन घ्यावी लागते" पर्यंत. काकांचा तो लाडिक सूरसुद्धा सोडला नाही.

"दुभाषीची टीप," मी पुढे म्हटलं. "वस्ती म्हणजे गावाबाहेरची जागा. गावानं काही जातींना तिथे राहायला लावलं. माझं जन्माचं आडनाव तिथलं आहे. ते वाचल्यावर हे वाक्य उच्चारलं गेलं."

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"शब्दशः?"

"शब्दशः. आणि नोंदीची प्रत मला हवी आहे."

कीबोर्ड वाजायला लागला. सही मिळो न मिळो. दुसरा परीक्षक मागेन, तिसरा मागेन. जीभ धुणार नाही. हसून गिळणं संपलं. यापुढे माझ्याबद्दल जे बोललं जाईल, ते त्याच टेबलावर, सगळ्यांना कळेल अशा भाषेत, मोठ्यानं मांडीन.

काका अर्धवट उठले. कान लालबुंद. चाळीस वर्षांचं जर्मन कुठे गेलं कोण जाणे, मराठीतच ओरडले,

"अहो, हे त्यांना सांगायचं नव्हतं!"