घरी असलेला माणूस

दत्तात्रेय घरत यांचा दिवस मुंबईचा आणि रात्र किहीमची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. किहीमच्या मागच्या अंगाला, समुद्राचा आवाज येतो पण समुद्र दिसत नाही अशा पाड्यावर त्यांचं घर. नोकरी फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत, कारखान्यांच्या पाइपांची ड्रॉइंगं करून देणाऱ्या छोट्या कंपनीत. तरुणपणी बोर्डावर पेन्सिलीनं आखायचे, पुढे कॉम्प्युटर आला तर तोही शिकले. पहाटे मांडव्याला जायचं, लाँच गाठायची, दिवेलागणीला परत. पावसाळ्यात लाँच बंद. मग परळला चुलतभावाच्या खोलीवर मुक्काम, आणि घर फक्त रविवारी.

घर, शेत आणि मुलगी प्राप्ती, तिन्ही सांभाळली ती कमळनं. पावसाळ्यात भात, मग वाल, मग पांढरा कांदा. कांदा निघाला की शेजारची जनी आणि आणखी दोघी-तिघी पडवीत बसायच्या आणि कांद्याच्या वेण्या विणायच्या. हातांपेक्षा तोंडं जास्त चालायची. रविवारी दत्तात्रेय घरी असले की त्या जरा आवाज खाली घेत, इतकंच.

"रिटायर झालंव की बसा पडवीत माज्यासंगं," कमळ म्हणायची. "कांदं विनाला शिकवते. मंग बोलालाही शिकवीन तुमाला."

दत्तात्रेय हसायचे. बोलणं त्यांना जमत नसे हे खरंच होतं. पण रात्री दोघं समोरासमोर जेवायला बसली की कमळ दिवसभराचं सगळं सांगायची आणि ते मान हलवत ऐकायचे. तेवढं बोलणं दोघांना पुरत होतं.

प्राप्ती लग्न होऊन पनवेलला गेली आणि पुढच्याच वर्षी लॉकडाऊन लागला. ऑफिसनं एका गाडीतून त्यांचा कॉम्प्युटर घरी धाडला. आत नेटवर्क मिळेना, म्हणून टेबल मांडलं पडवीत. कमळनं टेबलावर धुतलेली चादर घातली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. त्या दिवशी तिनं वालाचं बिरडं केलं होतं. दुपारचं जेवण नवऱ्यानं घरी जेवावं, तेही आठवड्याच्या मधल्या वारी, हे तिच्या संसारात प्रथमच होत होतं.

"पंधरा दिस तरी मिलतील ना?" तिनं विचारलं.

"जास्तच मिळतील," दत्तात्रेय म्हणाले.

मिळाले जास्तच. पण दत्तात्रेयांच्या मनात एक भीती येऊन बसली होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. कंपनीतली कामं कमी झाली होती. दोघा जुन्या माणसांना कामावरून काढलं होतं, आणि दत्तात्रेय पन्नाशी ओलांडून गेलेले. मालकांचं मत होतं की घरी बसलेला माणूस झोपा काढतो. हे त्यांना ऋत्विकनं सांगितलं. ऋत्विक त्यांचा साहेब, वयानं मुलासारखा, स्वभावानं चांगला. तो म्हणाला, "काका, काही नाही, फक्त ऑनलाइन दिसत राहा. विचारलं की लगेच उत्तर द्या."

दत्तात्रेयांनी ते अक्षरशः पाळलं. लाँचमध्ये जाणारा वेळ वाचला, तो त्यांनी कामाला दिला. दुपारचं ताट टेबलावर मागवू लागले. तीन दिवसांचं ड्रॉइंग दोन दिवसांत, मग दीड दिवसात. रविवारी "जरा बघतो" म्हणून बसायचे ते ऊन उतरेपर्यंत. ऋत्विक मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "घरून काम कसं करायचं ते काकांकडून शिका." दत्तात्रेयांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतक्या वर्षांत ऑफिसात त्यांचं नाव घेऊन कुणी असं बोललं नव्हतं.

कॉल चालू असताना घरात आवाज नको. म्हणून मिक्सर सकाळी लवकर लागायचा. कोंबड्यांना हाक मारायची ती मागच्या दारी जाऊन. जनी आणि बाकीच्या बायका पडवीच्या पायरीपर्यंत आल्या, कॉम्प्युटर बघितला आणि परत गेल्या. त्या वर्षी कांद्याच्या वेण्या मागे गोठ्याच्या उन्हात विणल्या गेल्या.

जून महिन्यात निसर्ग वादळ आलं. अर्ध्या घराची कौलं गेली, परसातले दोन माड आडवे झाले, आणि वीज गेली ती कधी येईल कुणी सांगेना. दत्तात्रेय दोन दिवस फांद्या ओढत होते. तिसऱ्या दिवशी कसाबसा फोन लागला तर एका ड्रॉइंगची विचारणा. पेणला बहिणीकडे वीज आल्याचं कळलं तसा त्यांनी कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळला आणि ओळखीच्या टेम्पोतून पेण गाठलं. इकडे जनीचा नवरा काळूराम छपरावर चढला, खालून कमळ एकेक कौल देत राहिली, मध्येच पाऊस आला की दोघं ताडपत्री ओढत. दत्तात्रेय परत आले तेव्हा छप्पर शाकारून झालं होतं.

"बरं झालं, उरकलं," ते म्हणाले.

"व्हय. उरकलं," कमळ म्हणाली.

पुढच्या वर्षी सगळ्यांची ऑफिसं हळूहळू उघडली. दत्तात्रेयांच्या कंपनीनं मात्र फोर्टातली अर्धी जागा सोडून दिली. घरूनच काम चांगलं होतं, मग भाडं कशाला भरायचं, असा मालकांचा हिशेब. घरून काम चांगलं होतं हे ठरवायला जी माणसं पुढे केली त्यांत दत्तात्रेय पहिले होते.

एकदा संध्याकाळी कमळ पडवीत आली. त्यांच्या कानावर हेडफोन होता, पण कॉल संपलेला. तिनं तो हलकेच एका कानावरून सरकवला.

"येक सांगू? तुमी मुंबईला जात होतंव ना, तवा सांजचं तरी घरी येत होतंव."

"म्हणजे? मी तर आता घरीच आहे."

"तेच म्हनतंय," ती म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली. दत्तात्रेयांना ती रागावली आहे एवढं कळलं. उद्या संध्याकाळी टेबलावरून लवकर उठायचं असं त्यांनी ठरवलं. पण सकाळीच ऋत्विकचा फोन आला, नवं ड्रॉइंग लगेच हवं होतं.

त्याच्या पुढच्या साली, कांदा काढायच्या दिवसांत, ती पुन्हा टेबलाशी येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत म्हणाली, "अवो, घास गिलताना अडकतंय मला. छातीत बसल्यासारखं व्हतंय." दत्तात्रेयांनी एक बोट वर केलं. एक मिनिट. पलीकडे मालक स्वतः बोलत होते. कमळ तिथे उभी राहिली. मग खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात तिनं काढून घेतला आणि गेली. कॉल संपल्यावर काहीतरी राहिलंय असं दत्तात्रेयांना वाटलं खरं. काय, ते आठवेना. नंतर तिनं पुन्हा विषय काढला नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

दोघं एका वेळी जेवत असती तर एका आठवड्यात कळलं असतं. पण त्यांचं ताट टेबलावर यायचं आणि ती नंतर आत कधीतरी जेवायची. भाकरी सोडून तिनं भात धरला, मग भात मऊ करून, मग नुसती पेज. तिचा चेहरा उतरलेला त्यांना दिसत होता. शेताचं काम झेपत नसेल, वय झालं, असं ते मनाशी म्हणायचे.

गणपतीला प्राप्ती आली. पंगतीत आई बसेना म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, तर कमळ भिंतीला टेकून वाटीतली पेज चमच्यानं घेत होती, आणि दर घोटाला डोळे मिटत होती. प्राप्ती बाहेर आली.

"बाबा, आई कधीपासून असं खाते?"

दत्तात्रेयांनी हातातला मोदक खाली ठेवला.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी अलिबागला दाखवलं, तिथून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. दुर्बिणीनं तपासलं. डॉक्टरीण बाई शांत होत्या. अन्ननलिकेत गाठ होती, आणि बरीच पसरली होती.

"त्रास कधीपासून आहे?" त्यांनी दत्तात्रेयांना विचारलं.

दत्तात्रेय कमळकडे बघू लागले.

"कांदं काडीत होतो तवापासून," कमळ म्हणाली.

"म्हणजे पाच-सहा महिने! घरात कुणी नव्हतं का लक्ष द्यायला?"

"हैत ना," कमळ म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "हे घरीच असत्यात."

बाहेर बाकावर बसल्यावर दत्तात्रेयांनी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगलं व्हतं."

ती आणखी बोलली असती, भांडली असती, तर त्यांना सोसलं असतं. ती समोरून जाणाऱ्या एका लहान मुलीच्या रिबिनीकडे बघत बसली. आणि तेव्हा दत्तात्रेयांना खुर्चीवरून सरकलेला तो हात आठवला, आपण वर केलेलं ते बोट आठवलं. त्यांनी ते बोट दुसऱ्या मुठीत घट्ट दाबून धरलं.

त्यांनी ऋत्विकला रजा कळवली. "किती दिवस, काका?" "माहीत नाही." त्यांचं काम दोन नव्या पोरांमध्ये वाटून दिलं गेलं. नोकरी जाण्याची जी भीती इतकी वर्षं उराशी धरली होती, तिची त्यांना आता शुद्धही राहिली नाही.

औषधं झाली, किरणं झाली. शेवटी डॉक्टरीण बाई म्हणाल्या, घरी न्या. दत्तात्रेयांनी टेबल आणि कॉम्प्युटर उचलून कोठीच्या खोलीत टाकला आणि पडवीत कमळची खाट मांडली. तिथून कांद्याचं शेत दिसायचं. त्या वर्षी काळूरामनं त्यात लावणी केली होती. दत्तात्रेय स्वतः पेज करायला शिकले. पहिल्यांदा खाली लागली, तर कमळ म्हणाली, "ड्राइंग न्हाय हाय ती. हलवत ऱ्हावं लागतं." दोघंही हसली. हसताना तिला ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना.

ते तिच्याजवळ बसून राहायचे. आता बोलायला वेळच वेळ होता. पण तिचा आवाज बसत चालला होता, आणि दत्तात्रेयांना बोलायचं कसं ते आयुष्यभर कुणी शिकवलं नव्हतं. एकदा धीर करून ते म्हणाले, "कमळ, माझं चुकलं." तिनं हातानं खूण केली, राहू दे. मग त्यांचा हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला. कपाळ दुखतं म्हणून, की आणखी कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. हात मात्र काढला नाही.

कांदा काढायला आला तेव्हा ती गेली. सकाळची वेळ होती, प्राप्ती तिचे केस विंचरत होती. दत्तात्रेय चुलीजवळ होते. त्यांना प्राप्तीची हाक ऐकू आली आणि ते धावत आले, पण तोवर सगळं शांत झालं होतं.

दिवसकार्य आटोपून महिना झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा बाहेर काढला. माणसानं काहीतरी तर करायला हवं. पण एक रेघ ओढायची की तासभर तिच्याकडे बघत बसायचं, अशी गत झाली. घरात आता कसलाच आवाज नव्हता. मिक्सर कधीही लावला तरी चालला असता.

पावसाळ्यात कंपनीची मोठी मीटिंग झाली. घरून काम चालू ठेवायचं की सगळ्यांना बोलवायचं, हा विषय. ऋत्विकनं पडद्यावर आकडे दाखवले. घरून काम जवळजवळ दीडपट झालं होतं. मग तो म्हणाला, "आणि आपले घरत काका तर वादळातही थांबले नाहीत. काका, दोन शब्द बोला ना."

दत्तात्रेयांनी माइक चालू केला. बाहेरचा पाऊस सगळ्यांना ऐकू गेला.

"साहेब, आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "मी घरून दुप्पट काम केलं. कारण मी घरी नव्हतोच. मी चोवीस तास तुमच्याकडे होतो. आता मला ऑफिसला बोलवा. माझी तेवढीच विनंती आहे."

ऋत्विकनं आपला कॅमेरा बंद केला. उद्या फोन करतो, असा निरोप त्यानं रात्री पाठवला, आणि खरंच केला. फोनवर तो नीट बोलूही शकला नाही. "काका, तुमच्या घरी काय चाललंय ते मला खरंच माहीत नव्हतं," एवढंच दोनदा म्हणाला. दत्तात्रेय म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. मलाही माहीत नव्हतं."

फोर्टातल्या उरलेल्या जागेत खिडकीजवळचं एक टेबल त्यांना मिळालं. पाऊस संपून लाँच सुरू झाली तसे ते पुन्हा जाऊ लागले. काम आता बेताचंच होतं. पाचला कॉम्प्युटर बंद करून ते उठायचे, आणि कुणी अडवत नसे. प्राप्ती म्हणाली, "बाबा, या वयात एवढी दगदग कशाला? घरी बसून करा की." ते म्हणाले, "घर खायला उठतं गं दिवसाचं."

शेत काळूराम आणि जनी कसू लागले. पुढच्या हंगामात कांदा निघाला तेव्हा जनी एका रविवारी विचारायला आली, "दत्ताभाऊ, पडवीत बसू का आमी?" त्यांनी हो म्हटलं आणि स्वतः चहा ठेवला. बायका विणायला बसल्या. आधी चिडीचूप. मग हळूहळू गप्पा वाढल्या, आणि गप्पांत कमळ आली. ती दत्तात्रेयांची कशी नक्कल करायची, कानावर दोन वाट्या धरून "यस सर, झालं सर, पाठवतो सर" म्हणत गोठ्याभोवती कशी फिरायची, ते एकजण सांगत होती. सगळ्या हसल्या. मग चहाचा ट्रे घेऊन दारात उभे असलेले दत्तात्रेय त्यांना दिसले आणि हसू एकदम थांबलं.

"हे मला ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले.

कुणी वर बघेना. दत्तात्रेयांनी ट्रे खाली ठेवला आणि ते भिंतीला पाठ लावून बायकांपासून थोडं दूर जमिनीवर बसले.

"आणखी काय काय करायची?" त्यांनी विचारलं. "सांगा ना, जनीवहिनी."

जनीनं नाक पदराला पुसलं, कांद्याची पात हातात घेतली आणि सांगायला सुरुवात केली.