मामांचा समुद्र

अख्ख्या लोहारा भागात समुद्राला भिऊन जन्म काढलेला माणूस एकच, माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. मामांनी समुद्र कधी पाहिलाही नव्हता. तरुणपणी ते कर्नाटकाच्या बाजूला चुनखडीच्या खाणीत फरशा काढायला होते. तिथं आलेल्या कुणा साहेबानं त्यांना चिरलेल्या कांद्यासारखे थर असलेला एक दगड दाखवला आणि सांगितलं, की इथं एके काळी समुद्र होता. बारीक जिवांनी पाण्याखाली थरावर थर चढवून बांध घातला, ते मेले आणि त्याचा हा दगड झाला. साहेब जीपमध्ये बसून गेला. मामा मात्र तेव्हापासून नीट झोपले नाहीत. "गेला तवा कुणाला इचारून गेला न्हाय," ते म्हणायचे, "येतानी कशाला इचारंल?"

तो दगड त्यांनी आणून घरातल्या कोनाड्यात ठेवला होता. पानाला चुना लावणं त्यांनी सोडलं, कारण त्यात त्या जिवांची हाडं. भीमजयंतीच्या आधी घराला चुना लागायचा तेव्हा ते भिंतीकडे पाठ करून अंगणात बसत आणि आत्या कुंचला फिरवत म्हणे, "ह्यांच्या सोयऱ्यांना भितीवर चढवायलेय." वाटेत वेगळा दगड दिसला की मामा तो उचलून चाटत. खारट नाही याची खात्री झाली की मगच पाऊल पुढं. त्यांच्याबरोबर बाजाराला निघालं की बाजार उठल्यावर पोचायचं.

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीनं सोसायटी करून विहीर खणायला घेतली. बायका दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. सहा परस खोल गेल्यावर काळा दगड संपला आणि पांढरा थर लागला. मामांनी त्याचा तुकडा चाटला आणि ते मटकन खाली बसले. "बास करा. बांधावर आलाव आपण. फुटला तर वस्ती ऱ्हायची न्हाय." सगळे हसले, मीही हसलो. सुरुंग भरला, वात पेटवली आणि वर येऊन कान झाकून बसलो. बार उडालाच नाही.

फसलेल्या बाराजवळ लगेच जायचं नसतं, हे खाणीतल्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी वळून पाहतो तर मामा दोराला धरून निम्मे उतरलेले. पुन्हा पेटवायच्या आत त्यांना वात उपटायची होती. काठावरच्या आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उतरलो. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

मामा तळाशी डोळे मिटून बसले होते. हातातली वात भिजलेली, धोतर भिजलेलं. पांढऱ्या थरातून पाणी पाझरत होतं. त्यानंच वात विझवली होती.

"आला," मामा म्हणाले. "खारट हाय का बघ. माजी जीभ धजंना."

मी बोटं बुडवून चाखलं. "गोड हाय, मामा."

"धीर द्यायला खोटं बोलू नगंस."

मी ओली बोटं त्यांच्या ओठांना लावली. ते माझा हात धरून लहान पोरासारखे रडले.

पुढं रोज सकाळी त्या विहिरीचं पाणी आधी मामा चाखत आणि मग बायका घागरी बुडवत. कुणी थट्टा केली नाही. तो थर समुद्राचा नव्हे, जुन्या गोड्या तळ्याचा, असं एका जाणकारानं सांगितलं तर मामा म्हणाले, "म्हंजी समुद्र आनखी खाली हाय."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. आता उन्हाळ्यात विहिरीचा पांढरा तळ दिसायला लागतो आणि मला भीती वाटते. मग मी खाली उतरतो, एक थेंब जिभेवर ठेवतो. "गोड हाय, मामा," असं तोंडातून निघून जातं, आणि खाली कुणी नसतं.