पारनेरच्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर

पारनेरच्या रस्त्यावर स्पीडब्रेकर आला की ती दुपार आठवते. टेस्ट ट्यूब बेबीच्या तिसऱ्या प्रयत्नात नगरच्या दवाखान्यात मामीच्या पोटात गर्भ ठेवला होता. घरी येताना मी मागच्या सीटवर होते, आणि मामा प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी जवळजवळ थांबवत होता. मागचा टेम्पोवाला ओरडला, "पाव्हनं, बैलगाडी हाय का ती?" मामी पोटावर हात ठेवून खूप हसली. पंधरा दिवसांनी आम्ही तिघं रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलो. तो इंग्रजीत होता, म्हणून मामीने माझ्याच हातात दिला. "नाही राहिलं," एवढंच मला सांगता आलं. परतताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर मामाने सवयीने गाडी थांबवली. खिडकीबाहेर बघत मामी म्हणाली, "आता कशाला हळू? चालवा की नेहमीसारखी." हल्ली गाडी मी चालवते. मामी शेजारी असली की तिथे किती हळू करावं, मला अजून कळत नाही.