हेड पॅकिंग आणि हेड मिस्त्री

गॅरेजवाल्याकडे जुने नटबोल्ट आणि किस्से, दोन्ही साठत जातात. टाकवत नाहीत. माझ्याकडचे किस्से मात्र सगळे सुऱ्याचे! अंबरनाथच्या एकाच गॅरेजमध्ये आम्ही दोघे मिस्त्री. हात सारखा, अनुभव सारखा, कौतुक मात्र त्याच्या एकट्याचं. माझा जळफळाट होतो, हे आधीच सांगून टाकतो.

*

बदलापूरपलीकडच्या वीटभट्टीवाल्या मामांचा जुना डिझेल ट्रॅक्टर आला. ऑइलमध्ये पाणी! इंजिनच्या हेडची पॅकिंग, म्हणजे तुमची ती गॅस्केट, गेलेली. मामा वजनदार गिऱ्हाईक. शेठ आम्हाला म्हणाले, "मामा ज्याच्या कामावर खूश, तो आजपासून हेड मिस्त्री."

मामा आले ते थेट सुऱ्याकडे. "जेवलास का रे?" मग माझ्याकडे वळून, "ए, त्याला जरा पाना दे!"

*

हेड वाकलं होतं, म्हणून मी त्याचं फेसिंग करून आणलं. फेसिंगमध्ये हेड घासलं जातं, मग पॅकिंग जाड लागते. तसं मामांना सांगितलं.

"उगाच डोकं चालवू नको," मामा म्हणाले.

तेच सुऱ्याने सांगितलं.

"बघा! डोकं कसं चालतं याचं!"

*

पॅकिंग आणायला मामा स्वतःच कॅम्प दोनच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेले. 'जाड' हा शब्द वाटेतच विसरले. दुकानातल्या सिंधी काकांना म्हणाले, "पॅकिंग एकदम मजबूत पाहिजे."

काकांनी नेहमीचीच पातळ पॅकिंग पुठ्ठ्यात घातली, वर गोणपाट, वर सुतळी. "ले जाओ साईं, दुबई तक नहीं टूटेगा!"

ते बोचकं बघून मी हसलो. मामा भडकले, "दात काय काढतोस?" मग सुऱ्या हसला, तर मामाही त्याच्याबरोबर पोट धरून हसले.

*

मामांची पातळ पॅकिंग बाद झाली. पण जाड म्हणजे नेमकी किती जाड? सुऱ्या जुनी पॅकिंग मोजायला बसला. मी म्हटलं, "दबलेली पॅकिंग काय मोजतोस? लाटलेल्या पोळीवरून कणकेचा गोळा ओळखतोस काय?"

पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, ते मी मोजायची डायल लावून बघितलं आणि त्या मापाची पॅकिंग आणली. मला वाटलं, आता तरी हा भांडेल. तर म्हणतो, "बरोबर बोललास यार. तूच बसव." भांडला असता तर मला किती बरं वाटलं असतं!

*

घरी बायकोपुढे सगळं मन मोकळं केलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुरेशभाऊजींना एकदा जेवायला बोलवा ना. स्वभाव किती चांगला आहे!"

*

मामा ट्रॅक्टर न्यायला आले. ट्रॅक्टरसाठी झेंडूचा जाडजूड हार आणला होता. मी सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू! ना पांढरा धूर, ना ठोका. शेठही बाहेर येऊन उभे राहिले.

"पॅकिंग कोणी निवडली?" मामांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुऱ्याच पुढे झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मामा, यानेच निवडली, यानेच बसवली. मी हातसुद्धा लावला नाही."

मामांचे डोळे भरून आले.

"शेठ, बघा याचं मन! स्वतः केलेल्या कामाचं क्रेडिट दुसऱ्याला देतो!"

आणि ट्रॅक्टरचा हार सुऱ्याच्या गळ्यात!